ताऱ्यांमधली माती आणि तिचे दोन साक्षीदार

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते. गावातल्या दिव्यांपासून दूर, एखाद्या पठारावर त्या दिवशी अंधार पडल्यावर पश्चिमेच्या आकाशाकडे पाहिले, तर आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसतो आणि हंस तारकासमूहापाशी तो दुभंगलेला दिसतो. तिथून निघालेली एक काळी चीर श्रवण नक्षत्राच्या बाजूने नैर्ऋत्येकडे क्षितिजापर्यंत उतरत जाते. तारे तिथेही आहेत, पण ते झाकले गेले आहेत. अठराव्या शतकात विल्यम हर्शेल यांना वृश्चिक राशीत असाच एक काळा भाग दिसला, तेव्हा ते आकाशाला पडलेले भोक आहे असे त्यांना वाटले. हे भोक नसून पडदा आहे, हे निर्विवाद सिद्ध व्हायला १९३० साल उजाडावे लागले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांची अंतरे दोन वेगळ्या रीतींनी काढली. दूरचे गुच्छ अंतराच्या हिशेबाने जेवढे अंधूक दिसायला हवेत, त्याहून अधिक अंधूक दिसत होते. वाटेत काहीतरी होते, आणि ते प्रकाश खात होते.

त्या ‘काहीतरी’ला आपण आज आंतरतारकीय धूळ म्हणतो. शब्द थोडा फसवा आहे. उन्हाच्या कवडशात तरंगताना दिसणाऱ्या घरातल्या धुळीपेक्षा हे कण कितीतरी बारीक असतात. त्यांचा सर्वसाधारण आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे उदबत्तीच्या धुरातल्या कणांच्या जातीचा असतो. ते विरळही इतके, की शंभर मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच जागा घेतली, तर तीत सरासरी एखादाच कण सापडावा. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात धुळीचा वाटा वजनाने जेमतेम एक टक्का आहे. बाकी सारा वायू. पण अंतरेच एवढी प्रचंड आहेत, की या विरळ धुराने आकाशगंगेचे केंद्र आपल्या डोळ्यांना पूर्णपणे झाकून टाकले आहे. तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा साधारण एक लाख कोटीवा भाग आपल्यापर्यंत पोचतो.

ही धूळ कशाची बनली आहे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पृथ्वी, मंगळ, चंद्र, आपल्या पायांखालचा कातळ हे सारे अशाच धुळीच्या ढगातून घडले. ‘आपण ताऱ्यांच्या धुळीचे बनलो आहोत’ हे वाक्य आता इतके रुळले आहे, की त्याचा नेमका अर्थ काय, हे कुणी विचारत नाही. तो अर्थ लावायचा, तर धुळीचे खनिजशास्त्र समजून घ्यावे लागते. त्यासाठी आपल्याकडे दोन साक्षीदार आहेत. एक म्हणजे प्रकाश, आणि दुसरा म्हणजे उल्कापाषाणांतून हाताला लागलेले प्रत्यक्ष कण. गंमत अशी की, या दोघांच्या साक्षी जुळत नाहीत.

*

पहिली साक्ष प्रकाशाची. १९४०च्या दशकात नेदरलँड्समध्ये यान ऊर्ट आणि हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट यांनी हे कण मुख्यतः बर्फाचे असावेत, असे मांडले. १९६२मध्ये केंब्रिजचे फ्रेड हॉइल आणि त्यांचे श्रीलंकेहून आलेले विद्यार्थी चंद्रा विक्रमसिंघे यांनी बर्फ बाजूला सारून ग्राफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्या द्रव्याचे नाव पुढे केले. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये हॉइल यांचे दुसरे एक विद्यार्थी होते जयंत नारळीकर. धुळीचा विषय त्यांच्याही विश्वरचनाशास्त्रात पुढे आला. १९९३पासून हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या अर्ध-स्थिर विश्वाच्या सिद्धान्तात विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचे स्पष्टीकरण लोखंडाच्या अतिसूक्ष्म, सुईसारख्या धूलिकणांच्या आधारे दिले होते. तो सिद्धान्त बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. पण धूलिकण कसला, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावर सबंध विश्वाचे चित्र कसे टेकू शकते, याचा तो उत्तम नमुना आहे.

ग्राफाइटच्या बाजूने एक पुरावा लवकरच आला. १९६५मध्ये थिओडोर स्टेकर यांनी अग्निबाणातून वातावरणाबाहेर पाठवलेल्या उपकरणाला अतिनील प्रकाशात, २१७.५ नॅनोमीटरच्या आसपास, ताऱ्यांचा प्रकाश विशेष शोषला गेल्याचे आढळले. विशिष्ट रीतीने जोडलेले कार्बनचे अणू साधारण याच ठिकाणी प्रकाश शोषतात. म्हणजे कार्बन तिथे आहे. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस अवरक्त प्रकाशात १० मायक्रॉनजवळ एक रुंद पट्टा सापडला आणि मग १८ मायक्रॉनजवळ आणखी एक. हे पट्टे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधाचे. बंध ताणला जाऊन कंप पावतो तेव्हा पहिला पट्टा उमटतो, वाकून कंप पावतो तेव्हा दुसरा. सिलिकॉन, ऑक्सिजन आणि त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम व लोह असलेली संयुगे म्हणजे सिलिकेट. ऑलिविन आणि पायरॉक्सिन ही या कुळातली दोन मोठी घराणी. सह्याद्रीच्या काळ्या कातळात पायरॉक्सिन भरपूर आहे आणि थोडेफार ऑलिविनही आहे. तेव्हा ताऱ्यांमधली माती आपल्याला अगदीच परकी नाही.

प्रकाशाच्या साक्षीला एक हिशेबी पुरवणीही आहे. १९७२मध्ये सोडलेल्या कोपर्निकस उपग्रहाने आंतरतारकीय वायूतल्या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले. सूर्यात ज्या प्रमाणात लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन, कॅल्शियम आहे, त्या प्रमाणात ते वायूत दिसायला हवे होते. ते दिसले नाही. लोहाचा तर बहुतेक सारा साठाच वायूतून नाहीसा झालेला होता. वहीत जमा दाखवलेली रक्कम गल्ल्यात नसेल, तर ती दुसरीकडे कुठेतरी ठेवलेली असते. ही मूलद्रव्ये घनरूप होऊन धुळीत जाऊन बसली होती. या सगळ्याची सांगड घालून १९७७मध्ये मॅथिस, रुम्पल आणि नॉर्डसिक यांनी सिलिकेट आणि ग्राफाइट यांच्या मिश्रणाचे एक साधे प्रारूप मांडले. आजची सुधारित प्रारूपे त्याच पायावर उभी आहेत.

आता या साक्षीतला कळीचा मुद्दा. १० मायक्रॉनचा तो पट्टा रुंद आणि गुळगुळीत आहे. स्फटिकात अणू ओळीने, ठरावीक अंतरांवर बसलेले असतात. त्यातला प्रत्येक बंध सारख्याच परिस्थितीत असतो, आणि म्हणून नीट लावलेल्या तानपुऱ्यासारखा तो नेमक्या सुरांवर बोलतो. त्याचा वर्णपट टोकदार शिखरांचा असतो. काचेत अणूंची मांडणी विस्कटलेली असते. प्रत्येक बंध शेजारच्याहून किंचित वेगळ्या सुरात कंपतो, आणि सगळ्यांचा मिळून एक पसरट गुंजारव होतो. ताऱ्यांमधल्या धुळीचा वर्णपट असा पसरट आहे. २००४मध्ये सिस्का केम्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने पाहून स्फटिकांचे प्रमाण तपासले. नंतरच्या दुरुस्त्या धरूनही ते फार तर एक-दोन टक्के भरते. खनिज या शब्दाच्या काटेकोर व्याख्येत अणूंची सुव्यवस्थित मांडणी गृहीत धरलेली असते. त्या व्याख्येने पाहिले, तर ताऱ्यांमधल्या धुळीत खनिज जवळजवळ नाहीच. तिथे आहे ती खनिजाच्या घटकांची काच.

*

दुसऱ्या साक्षीदाराला बोलते करायला बरीच वर्षे लागली. सूर्यमाला तप्त वायूच्या ढगातून घडली, त्या भट्टीत आधीचे सगळे कण वितळून, वाफ होऊन एकजीव झाले, असा १९६०च्या दशकापर्यंत समज होता. पण काही उल्कापाषाण तापवले की त्यांतून झेनॉन आणि निऑन या निष्क्रिय वायूंची विचित्र समस्थानिके बाहेर पडत. त्यांची प्रमाणे सूर्यमालेतल्या कुठल्याच द्रव्याशी जुळत नव्हती. हा वायू कशात तरी कोंडलेला होता, आणि ते ‘काहीतरी’ भट्टीतून वाचले होते.

१९६९ या एकाच वर्षात दोन मोठे कार्बनयुक्त उल्कापाषाण पृथ्वीवर पडले. फेब्रुवारीत मेक्सिकोत आयेंदे, आणि सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात मर्चिसन. शिकागो विद्यापीठात एडवर्ड अँडर्स आणि रॉय लुईस यांनी अशा उल्कापाषाणांचे तुकडे तीव्र आम्लांत विरघळवायला सुरुवात केली. एकामागून एक द्रव्य काढून टाकायचे, आणि विचित्र वायू कशात शिल्लक राहतो ते पाहायचे. सुई सापडावी म्हणून गवताची गंजीच जाळून टाकायची, असे या पद्धतीचे वर्णन अँडर्स करत. १९८७मध्ये सुई सापडली. ती होती हिऱ्यांची. एकेक हिरा दोन-तीन नॅनोमीटरचा, अंगठीत बसवायला निरुपयोगी. त्याच वर्षी सिलिकॉन कार्बाइड सापडले. धार लावण्याच्या चाकात कार्बोरंडम म्हणून वापरतात, तेच हे द्रव्य. १९९०मध्ये ग्राफाइट मिळाले. काही ग्राफाइटच्या गोळ्यांच्या पोटात टायटॅनियम कार्बाइडचे चिमुकले स्फटिक होते. पुढे कुरुंद, स्पिनेल यांसारखी ऑक्साइडेही मिळाली. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रत्ने.

हे कण ताऱ्यांजवळचे कशावरून? सूर्यमालेत कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचे प्रमाण साधारण ८९ला १ असे आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या कणांत ते बहुतेक वेळा ४० ते ८०च्या दरम्यान येते, आणि दर कणागणिक वेगळे येते. एकेक कण एकेका ताऱ्याचा दाखला घेऊन आलेला आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक कण सूर्यासारख्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या ताऱ्यांच्या म्हातारपणी, ते फुगून आपली बाह्य आवरणे सोडून देतात तेव्हा, त्या वाऱ्यात जन्मलेले आहेत. तिथे कोणते खनिज जन्मणार, हे एका साध्या वजाबाकीवर ठरते. कार्बन आणि ऑक्सिजन यांची जोडी अतिशय घट्ट जमते. जे कमी असेल, ते सगळे या जोडीत संपते. ऑक्सिजन उरला, तर कुरुंद, स्पिनेल, सिलिकेट. कार्बन उरला, तर ग्राफाइट आणि सिलिकॉन कार्बाइड.

थोडे कण मात्र ताऱ्याच्या स्फोटातले, सुपरनोव्हातले आहेत. त्यांत कॅल्शियम-४४ हे समस्थानिक अवाजवी प्रमाणात आढळते. ते टायटॅनियम-४४च्या किरणोत्सारी ऱ्हासातून आले. टायटॅनियम-४४चा अर्धायुकाल आहे सुमारे ६० वर्षे. म्हणजे कण घडला तेव्हा हे टायटॅनियम जिवंत होते. तारा फुटला आणि एखाद्या माणसाच्या आयुष्याएवढ्या काळाच्या आत त्याच्या निवणाऱ्या राखेत हा स्फटिक बनला. चार-पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या घटनेची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

*

आता दोन्ही साक्षी शेजारी ठेवू. प्रकाश सांगतो, की धूळ मुख्यतः सिलिकेटच्या काचेची, सोबत कार्बन. हाती आलेले कण म्हणतात हिरे, सिलिकॉन कार्बाइड, ग्राफाइट, कुरुंद. सिलिकॉन कार्बाइडची खूण अवरक्त प्रकाशात ११.३ मायक्रॉनजवळ उमटते. कार्बनने समृद्ध ताऱ्यांभोवती ती स्पष्ट दिसते, पण ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत जवळजवळ दिसतच नाही. प्रयोगशाळेने ज्याच्यावर सर्वाधिक काम केले, ते द्रव्य खऱ्या धुळीत चिमूटभरच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. ताम्रपट टिकतात, शिलालेख टिकतात. घराघरांतले हिशेबाचे कागद वाळवी खाते, पावसात भिजतात, बंबात जळतात. म्हणून जुन्या काळाचा इतिहास दानपत्रांच्या अंगाने लिहिला जातो, आणि त्या काळी लोक सारखे दानच देत होते की काय, असा भास होतो. सिलिकॉन कार्बाइड हा धुळीतला ताम्रपट आहे. तो अवकाशातल्या माऱ्यातून टिकला, सूर्यमालेच्या जन्मातून टिकला आणि शेवटी प्रयोगशाळेतल्या आम्लातूनही टिकला. सिलिकेट पहिल्या दोन्ही संकटांत बहुतांशी गेले, आणि जे काही उरले होते ते आम्लात विरघळले. सुई शोधण्यासाठी जाळलेल्या गंजीतच धुळीचा बहुसंख्य वर्ग होता.

हे उमगल्यावर पद्धत बदलली. नॅनो-सिम्स नावाचे उपकरण आयनांच्या बारीक झोताने नमुन्याचा पृष्ठभाग खरवडत जाते आणि उडालेल्या अणूंची समस्थानिके मोजते. त्यामुळे आम्लाविना, मूळ दगडातच परका कण ओळखता येऊ लागला. २००३मध्ये अंतराळातून वातावरणात आलेल्या धूलिकणांत आणि २००४मध्ये उल्कापाषाणात सूर्यापूर्वीची सिलिकेटे सापडली. सर्वांत कमी बदललेल्या उल्कापाषाणांत त्यांचे प्रमाण दहा लाख भागांत शंभर-दोनशेपर्यंत जाते, तर सिलिकॉन कार्बाइडचे दहा-वीस. आणि त्यांतली बहुतेक सिलिकेटे निघाली काचेसारखी, विस्कटलेल्या मांडणीची. इथे हाताची साक्ष पहिल्यांदाच प्रकाशाच्या साक्षीजवळ आली.

तरी एक कोडे राहते. वृद्ध ताऱ्यांभोवतीच्या धुळीत ऑलिविन आणि पायरॉक्सिन यांचे स्फटिक आहेत, हे १९९५मध्ये सोडलेल्या आयएसओ या अवरक्त दुर्बिणीने दाखवून दिले. मग ताऱ्यापासून निघालेले स्फटिक वाटेत जातात कुठे? एक उत्तर प्रयोगशाळेत मिळाले. वेगवान आयनांचा मारा केला की ऑलिविनची मांडणी मोडते आणि तिची काच होते. वैश्विक किरणांचा असाच मारा अवकाशात चालू असतो, आणि काही कोटी वर्षांत स्फटिकाची घडी विस्कटायला तो पुरेसा आहे.

दुसरे उत्तर अधिक खोल जाणारे आहे. सुपरनोव्हाच्या धक्कालहरी धूलिकणांना झिजवतात, एकमेकांवर आपटून फोडतात. त्यांच्या हिशेबाने साध्या कणाचे आयुष्य काही दशकोटी वर्षांचे. ताऱ्यांकडून नवी धूळ येण्याचा वेग मात्र इतका मंद, की सगळा साठा भरून निघायला दोन-तीन अब्ज वर्षे लागावीत. खर्च जमेपेक्षा कितीतरी जास्त, तरीही गल्ला भरलेला. याचा सरळ अर्थ, बरीचशी धूळ ताऱ्यांजवळ जन्मतच नाही. झिजलेल्या कणांचे अणू ताऱ्यांमधल्या थंड, दाट ढगांत उरल्यासुरल्या कणांवर पुन्हा बसतात. थंडीत अणूंना ओळीत बसायला सवड नसते, म्हणून बनते ती काचच.

या मताला बळ देणारा पुरावा शनीजवळून आला. कॅसिनी यानावरच्या धूळ-विश्लेषकाने सूर्यमालेबाहेरून येणारे ३६ कण टिपले, आणि त्यांचे विश्लेषण २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, कॅल्शियम ही मूलद्रव्ये त्यांत होती आणि कणाकणांतले फरक आश्चर्यकारकरीत्या कमी होते. वेगवेगळ्या ताऱ्यांच्या जन्मखुणा पुसल्या गेल्या होत्या. अनेकदा मोडून पुन्हा बनलेल्या कणांचे असेच व्हायला हवे.

विज्ञानात शेवटची साक्ष सहसा नीट बसत नाही, तशी इथेही एक आहे. स्टारडस्ट यानाने २०००मध्ये आणि २००२मध्ये मिळून १९५ दिवस एरोजेलचा सापळा आंतरतारकीय प्रवाहासमोर धरला. एरोजेल म्हणजे धुरासारखा हलका घन पदार्थ. २००६च्या जानेवारीत तो सापळा पृथ्वीवर परतला. त्यातले माग शोधण्यासाठी तीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी आपापल्या घरच्या संगणकावर छायाचित्रे तपासली. २०१४मध्ये सात संभाव्य कण जाहीर झाले. त्यांतल्या ओरायन नावाच्या कणाचे वजन ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या तिप्पट, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढे वजन भरायला असे सहाएक अब्ज कण लागावेत. ओरायन आणि त्याचा जोडीदार हायलाब्रुक या दोघांतही ऑलिविनचे स्फटिक होते. दोन कणांवरून सरासरी ठरत नाही, आणि वर्णपटाने एक-दोन टक्के जागा स्फटिकांसाठी मोकळी ठेवलीच आहे. पण धूळ एकजिनसी नाही, मोठ्या कणांच्या पोटात जुनी घडी शाबूत राहू शकते, एवढे त्यांनी बजावून सांगितले.

*

मग ‘आपण ताऱ्यांच्या धुळीचे’ या वाक्याचे काय? अणूंच्या पातळीवर ते खरे आहे. आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतले कॅल्शियम ताऱ्यांतच शिजले. पण कणांच्या पातळीवर ते जवळजवळ खोटे ठरते. ताऱ्याजवळ घडलेला कण वाटेत झिजला, त्याचे अणू थंड ढगात दुसऱ्या कणावर बसले, तो कण सूर्यमालेच्या जन्मात वितळला, आणि त्या वितळलेल्या द्रव्यातून पृथ्वीचा कातळ बनला. मूळ रूप टिकवून आलेले कण दहा लाखांत काहीशे, तेही उल्कापाषाणांतच, पृथ्वीच्या दगडांत नव्हे.

त्या मूठभरांपैकी काहींचे वय २०२०मध्ये मोजले गेले. फिलिप हेक यांच्या गटाने मर्चिसनमधल्या ४० मोठ्या सिलिकॉन कार्बाइड कणांत वैश्विक किरणांमुळे साठलेला निऑन मोजला. बहुतेक कण सूर्याहून तीस कोटी वर्षांपेक्षा कमी काळाने वडील निघाले, काही थोडे मात्र तब्बल तीन अब्ज वर्षांनी. पृथ्वीवर आजवर हाती आलेले हे सर्वांत जुने घन पदार्थ.

वाचायचे, तर असे कण बहुधा खर्चावे लागतात. निऑन मोजायला कण तापवून वितळवावा लागतो. नॅनो-सिम्सचा झोत कणाचा थर खरवडूनच त्याची समस्थानिके मोजतो, आणि लहान कण मोजता मोजता संपतो. ताम्रपट एकदाच वाचता यावा आणि वाचताना वितळून जावा, तसे हे. म्हणूनच मर्चिसनचे काही तुकडे संग्रहालयांत न फोडता राखून ठेवलेले असतात. त्यांना अजून न सुचलेले प्रश्न पुढचे कुणी विचारील, आणि तेव्हा साक्षीदार शिल्लक असला पाहिजे.